९१ इव्हेंट, दोन सुळके आणि मी उडवलेला एक कॉलम

आधी कोण कोण होतं ते सांगतो म्हणजे पुढे गोंधळ नको. एक माझी भाची, पुण्यातच एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या तिच्या गाइड मॅडम. आणि तिसरा मी, मामा, एमएस्सी फिजिक्स करून गेली चौदा वर्षं हिंजवडीत डेटा पाइपलाइनी सांभाळतोय, फिजिक्सशी संबंध उरलाय तो एवढाच की पोरीला काही अडलं की ताई मला फोन लावते. कॉलेजचं नाव घेत नाही, त्याची गरज पण नाही, कारण या केसमध्ये जी चूक झाली ती कॉलेजची नव्हती, माझी होती, ते पुढे येईलच.

प्रोजेक्टचा विषय असा की सर्नच्या (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) सीएमएस प्रयोगाचा, म्हणजे तिथल्या एलएचसी या गोल यंत्रातल्या प्रोटॉन टकरी टिपणाऱ्या डिटेक्टरचा, २०१६ चा ओपन डेटा घ्यायचा आणि त्यात सुपरसिमेट्रीचे कण सापडतात का बघायचं. ऐकायला फार भारी वाटतं, ताईने तर सोसायटीच्या ग्रुपवर "आमची पोरगी सर्नचं काम करते" असं टाकून मोकळी झाली होती. तसं काही नाही. पुण्यात सर्नचं खरंखुरं काम करणारे लोक आहेत, पाषाणच्या आयसरमधला ग्रुप सीएमएसचा अधिकृत सदस्य आहे, आम्ही ते नव्हे. पण सीएमएस आपला डेटा काही वर्षांनी सगळ्या जगाला फुकट उघडा करतं, २०१४ पासून करतंय, आणि २०१६ चा १३ टीईव्ही ऊर्जेच्या टकरींचा डेटा २०२४ मध्ये नॅनोएओडी नावाच्या आटोपशीर फॉरमॅटमध्ये आला, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर पायथनमधून तो उघडता येतो. साधारण १६ इन्व्हर्स फेम्टोबार्न (एकूण किती टकरी झाल्या ते मोजायचं एकक) एवढा, म्हणजे त्या वर्षीच्या वापरण्याजोग्या डेटाच्या निम्म्याहून थोडा कमी. टकरींच्या भाषेत सांगायचं तर ढोबळ तेराशे लाख कोटी प्रोटॉन टकरी. अर्थात त्या सगळ्या साठवलेल्या नसतात, दर २५ नॅनोसेकंदाला प्रोटॉनचे दोन पुंजके एकमेकांतून जातात आणि ट्रिगर, म्हणजे तिथल्या तिथे निवड करणारी यंत्रणा, त्यातले सेकंदाला हजारभर ठेवतो, बाकी तिथल्या तिथे सोडून देतो.

आता शोधायचं काय. सुपरसिमेट्री म्हणते की माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जोडीदार असतो, क्वार्कला स्क्वार्क, ग्लुऑनला ग्लुइनो वगैरे, आणि बऱ्याच मॉडेलांत त्यातला सगळ्यात हलका, न्यूट्रालिनो, तुटत नाही आणि डिटेक्टरमध्ये कुठेही खूण न सोडता निघून जातो. मग तो गेला हे कळणार कसं? दिवाळीत डबड्याखाली सुतळी बॉम्ब लावलाय असं समजा, फुटल्यावर तुकडे सगळीकडे उडायला पाहिजेत, पण सगळे तुकडे उजवीकडेच पडलेत आणि डावीकडे काहीच नाही, तर डावीकडे काहीतरी गेलंय जे आपल्याला दिसलं नाही. प्रोटॉन समोरासमोर येतात तेव्हा आडव्या दिशेचा संवेग जवळजवळ शून्य असतो, तो टकरीनंतरही शून्यच भरायला हवा, भरत नसेल तर जेवढा कमी पडतो त्याला मिसिंग ट्रान्सव्हर्स मोमेंटम म्हणतात, आणि बोलताना सगळे नुसतं मेट म्हणतात.

भाचीने घेतलेला प्रकार त्यातला अडचणीचा होता. स्क्वार्क आणि न्यूट्रालिनो यांची वस्तुमानं जर जवळजवळ सारखी असतील तर स्क्वार्क तुटताना जे जेट, म्हणजे कणांचे झोत, बाहेर येतात ते इतके मरतुकडे असतात की दिसतच नाहीत, आणि दोन्ही न्यूट्रालिनो पाठीला पाठ लावून गेल्यामुळे मेटही फारसं उरत नाही. अशा वेळी आशा एकच, की टकरीच्या आधीच एखाद्या प्रोटॉनमधून एक दणदणीत ग्लुऑन सटकला असेल, त्याचा जेट एका बाजूला आणि बाकी सगळा अदृश्य संसार दुसऱ्या बाजूला. एक जेट, समोर काही नाही. मोनोजेट.

गुरुवारची रात्र

नोव्हेंबरचा शेवट होता, पावणेबाराला फोन.

"मामा, झोपलास का?"

"हो."

"बघ ना, शेवटच्या बिनमध्ये काहीतरी दिसतंय."

तिने स्क्रीनशॉट पाठवला. मेटचा हिस्टोग्राम, म्हणजे मेटच्या कुठल्या कप्प्यात (बिनमध्ये) किती इव्हेंट, किती साठवलेल्या नोंदी, उतरता, काळे ठिपके म्हणजे डेटा, रंगीत थर म्हणजे सिम्युलेशनमधून आलेली नेहमीची बॅकग्राउंड, नवं काही नसतानाही जे दिसणारच ते. सगळ्यात मोठा थर झेडचा, झेड बोसॉन तुटून दोन न्यूट्रिनो होतात (पाचातल्या एका वेळेला होतात), न्यूट्रिनोही दिसत नाहीत, त्यामुळे हा प्रकार सिग्नलसारखाच दिसतो, त्याला कट, म्हणजे गाळायची अट, लावून हाकलता येत नाही, किती आहेत ते मोजूनच वजा करावे लागतात. त्याखाली डब्ल्यू बोसॉनचा थर, ज्यात इलेक्ट्रॉन नाहीतर म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) हरवलेला असतो. मग टॉप वगैरे किरकोळ. ठिपके थरांवर बऱ्यापैकी बसत होते आणि शेवटी, १००० जीईव्हीच्या (हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) वरच्या बिनमध्ये, ५८ अपेक्षित असताना ९१ होते.

"चार पॉइंट तीन सिग्मा," ती म्हणाली. सिग्मा म्हणजे नेहमीच्या योगायोगाच्या चढउताराच्या किती पट, इथे ३३ जास्तीचे, भागिले ५८ चं वर्गमूळ. बरोबर होतं गणित. मला झोप लागली नाही हे कबूल करतो. माणूस कितीही शहाणा असू दे, रात्री बारा वाजता असा ठिपका बघितला की पोटात काहीतरी होतंच.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो आकडा खाली आणला. तिने ५८ हा आकडा देवाने दिल्यासारखा धरला होता, पण तो सिम्युलेशनचा आहे आणि इतक्या वरच्या टोकाला सिम्युलेशनमध्ये १५ टक्के चूक धरल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायची माझी तरी तयारी नव्हती. १५ टक्के म्हणजे पावणेनऊ इव्हेंट, ते वर्गमूळाच्या आत मिसळले की चुकीचा पट्टा (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो तो) साडेसातवरून साडेअकरावर जातो आणि ४.३ चे २.८५ होतात. शोध लागला म्हणायला पाच लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. २.८५ वर कोणी पेढे वाटत नाही. पण २.८५ म्हणजे काहीच नाही असंही नाही, आणि ३३ इव्हेंट कुठूनतरी आलेच होते, ते कुठून आले हा प्रश्न सिग्माच्या हिशोबाने सुटत नाही. तिलाही ते कळत होतं. संध्याकाळी तिचा मेसेज: "तू आकडा छोटा केलास. इव्हेंट तेवढेच आहेत."

बरोबर होती पोरगी.

मॅडमचं म्हणणं

मॅडमनी प्लॉट बघितला आणि दोनच गोष्टी म्हणाल्या, भाचीने मला तशाच्या तशा सांगितल्या. पहिली, सीएमएसवाल्यांनी २०१६ च्या अख्ख्या डेटावर, जवळजवळ ३६ इन्व्हर्स फेम्टोबार्नवर, हीच मोनोजेटची शोधाशोध करून २०१८ मध्ये छापलीय आणि त्यांना काहीही जास्तीचं दिसलेलं नाही, मग निम्म्या डेटात तुला दिसतं ते अख्ख्यात त्यांना का दिसलं नाही? यावर भाची म्हणाली, "त्यांनी काहीतरी जास्त कापलं असेल." मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर. काय कापलं ते शोध."

दुसरी गोष्ट १९८४ ची. सर्नच्याच यूए-१ प्रयोगाला, कार्लो रुबिया त्याचे प्रमुख, आदल्याच वर्षी डब्ल्यू आणि झेड सापडलेले, नोबेल यायच्या बेतात, अशा ऐन भरात ५४० जीईव्हीच्या टकरींमध्ये एक जेट आणि समोर काही नाही असे मोजके इव्हेंट दिसले. थिअरीवाल्यांनी लगेच स्क्वार्क-ग्लुइनोची वस्तुमानं काढायला घेतली. शेवटी काय निघालं, तर एकच मोठं कारण नाही, पाच-सहा छोटी छोटी: डब्ल्यू तुटून टाऊ (म्युऑनहून जड भाऊबंद) झाला आणि टाऊचा बारीक जेट दिसला, झेडचे न्यूट्रिनो झाले आणि सोबत एक जेट होता, असं थोडं थोडं करून सगळं भरून निघालं. त्या वेळच्या लोकांनी याला कॉकटेल म्हटलं. म्हणजे मोनोजेटमध्ये सुपरसिमेट्री दिसल्याची आवई चाळीस वर्षं जुनी आहे, आणि तेव्हाही घोटाळा बॅकग्राउंड कमी मोजण्याचाच होता.

पण आमचा घोटाळा त्याहून साधा निघाला. यूए-१ चे इव्हेंट निदान खऱ्या टकरींतून आलेले होते.

शनिवार, सिंहगड रोड

मी शनिवारी ताईकडे गेलो. जेवायला मटकीची उसळ होती, ती बाजूला ठेवून आम्ही दोघं लॅपटॉपपुढे. ऑफिसात असा विचित्र आकडा आला की मी एक करतो, ज्या कॉलमचा आणि त्या आकड्याचा काही संबंध असायचं कारणच नाही असे सगळे कॉलम घेऊन त्याप्रमाणे तो आकडा वाटून बघतो. ग्राहकांची संख्या वाढली असेल तर आठवड्याच्या वाराप्रमाणे वाढायला नको, सर्व्हरच्या नंबराप्रमाणे तर मुळीच नको, आणि वाढली असेल तर ते ग्राहक नव्हेत. तेच इथे. रन नंबरप्रमाणे वाटून बघितलं (रन म्हणजे डेटा घेण्याचा एक सलग टप्पा, हा डेटा दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारच्या पुढच्या रनांचा), काही खास नाही, सगळीकडे थोडे थोडे. ईटाप्रमाणे, म्हणजे बीमशी असलेल्या कोनाप्रमाणे, ते थोडं वेडंवाकडं होतं पण त्यातून काही ठरत नव्हतं. मग भाची म्हणाली फायप्रमाणे बघू.

फाय म्हणजे बीमभोवतीचा कोन. डिटेक्टर म्हणजे आडवा ठेवलेला पिंप, बीम मधोमध आरपार, तर फाय म्हणजे पिंपाच्या तोंडावरचं घड्याळ. ० म्हणजे तीनचा काटा, ९० म्हणजे बारा, १८० म्हणजे नऊ. टकरीत जन्मलेल्या कणाला वर कुठे, खाली कुठे, जिनिव्हाचं विमानतळ कुठल्या बाजूला, काही माहीत नसतं, त्यामुळे मेटची दिशा घड्याळभर सारखीच पसरली पाहिजे, सुपरसिमेट्री असो की साधा झेड असो.

प्लॉट आला आणि आम्ही दोघंही गप्प. ० वर एक सुळका, १८० वर एक सुळका, बाकी सपाट मैदान.

मोजलं. ० च्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंश आणि १८० च्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, एकूण ६० अंश, म्हणजे घड्याळाचा सहावा भाग. तिथे ५८ चा सहावा भाग, नऊ-दहा इव्हेंट असायला हवेत. होते ४४. उरलेल्या ३०० अंशांत ४८ च्या आसपास पाहिजेत, होते ४७. सगळेच्या सगळे जास्तीचे इव्हेंट त्या दोन पट्ट्यांत.

मी आधी म्हटलं थांब, मेटला फायमध्ये थोडी लहर असतेच, डिटेक्टरचा मध्य आणि बीमची जागा तंतोतंत जुळत नाही त्यामुळे. ती पोरगी माझ्यापेक्षा जास्त वाचून बसली होती, म्हणाली, "ती लहर एकाच उंचवट्याची असते मामा, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली, आणि इतक्या वरच्या मेटला ती कळतही नाही. हे दोन आहेत आणि अगदी आडव्या रेषेत." आणि मग स्वतःच हळू आवाजात म्हणाली, "आडव्या रेषेत म्हणजे रिंगच्या प्रतलात."

तेच होतं. बीम हेलो. एलएचसीचा २७ किलोमीटरचा बोगदा साधारण आडवा आहे, बीमच्या कडेने भरकटलेले प्रोटॉन कुठे कोलिमेटरला (बीमची कड छाटणाऱ्या ठोकळ्यांना) धडकतात, कुठे पाइपमध्ये उरलेल्या हवेच्या रेणूंना, त्यातून म्युऑन तयार होतात आणि ते बीमला समांतर, टकरीच्या जागेशी काही देणंघेणं नसताना, डिटेक्टरमधून लांबच्या लांब आरपार जातात. बीम वळवणारे चुंबक आडव्या प्रतलात वळवतात, त्यामुळे हे म्युऑनही डावीकडे-उजवीकडे पसरतात, वर-खाली फारसे नाहीत. त्यातला एखादा कॅलोरिमीटरमध्ये, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या भागात, शिरून भरपूर ऊर्जा ओततो. कॅलोरिमीटरला वाटतं जेट आला. समोर तर काहीच नाही, मग हिशोबात समोर हजार जीईव्हीचं मेट. घ्या मोनोजेट.

आणि सिम्युलेशनमध्ये हे का नव्हतं? कारण सिम्युलेशन टकरींचं असतं, हे टकरीतून येतच नाहीत. कितीही कोटी इव्हेंट बनवा, त्या थरांमध्ये हा रंग कधीच दिसणार नाही.

मग फिल्टर कुठे गेला

आता लाजेचा भाग. बीम हेलो सीएमएसवाल्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्यासाठी ठरलेला फिल्टर आहे, डिटेक्टरच्या दोन्ही टोकांना असलेल्या म्युऑन चेंबरमध्ये आडव्या जाणाऱ्या म्युऑनची खूण आणि त्याच फायला कॅलोरिमीटरमधली ऊर्जा अशी जोडी लावून तो इव्हेंटवर शिक्का मारतो. नॅनोएओडीमध्ये तो शिक्का फ्लॅग म्हणून तयार मिळतो, ग्लोबल सुपर टाइट हेलो २०१६ फिल्टर अशा लांबलचक नावाने, हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण) मोजणाऱ्या कॅलोरिमीटरच्या आवाजाचा, म्हणजे त्यातल्या खोट्या सिग्नलांचा, वेगळा, इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅलोरिमीटरच्या मेलेल्या कप्प्यांचा वेगळा. फुकट. नुसतं "हे खरं असेल तरच घे" एवढं लिहायचं.

भाची म्हणाली, "फ्लॅग नाहीतच रे माझ्या फाइलमध्ये. शोधले होते मी, मला वाटलं ओपन डेटात देत नसतील."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फाइल बारीक करायची स्क्रिप्ट मी लिहून दिलेली. सप्टेंबरात तिने तपकीर गल्लीतून एक टीबीची हार्ड डिस्क आणली होती आणि ती भरत आली म्हणून रडकुंडीला आली होती, तेव्हा मी अगदी प्रोफेशनल थाटात म्हटलं, हजारावर कॉलम आहेत, तुला चाळीस लागतात, बाकी उडवू. यादी बनवताना "फ्लॅग" ने सुरू होणारे सगळे मी एका फटक्यात काढले, कारण ऑफिसात आमच्या टेबलांमध्ये फ्लॅग म्हणजे कुणीतरी कधीतरी टाकलेले अंतर्गत शेंदाडशिपाई, ज्यांना कोणी विचारत नाही. जेट आयडीचा कॉलमही त्यात गेला. जेटमध्ये भारित कणांचा वाटा किती, हे सांगणारे कॉलमही. म्हणजे खोटा जेट ओळखायची जेवढी म्हणून हत्यारं होती ती मी वेचून वेचून फेकली होती आणि वर पोरीला म्हटलं होतं, बघ कसं हलकं झालं.

मी सांगितलं. ती हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. ताईने आतून विचारलं काय झालं, भाची म्हणाली, "मामाने सुपरसिमेट्री शोधली."

एक गोष्ट मात्र बरी केली होती, रन, लुमी (रनमधला छोटा तुकडा) आणि इव्हेंट हे तीन नंबर ठेवले होते, म्हणजे प्रत्येक इव्हेंटचा पत्ता शाबूत होता. त्यामुळे सगळा डेटा लगेच परत उतरवायची गरज नव्हती, ९१ पत्ते घेतले, ते कुठल्या मूळ फाइलींत आहेत ते शोधलं, आणि सर्नच्या सर्व्हरवरून तेवढेच कॉलम ओढून आणले. त्यातही रात्रीचे अकरा वाजले, मधे एकदा लाइट गेली.

पहिला इव्हेंट उघडला तो अजून लक्षात आहे. जेट ११०० जीईव्हीचा, फाय ३.११, म्हणजे जवळजवळ नऊचा काटा. मेटचा फाय उणे ०.०२, म्हणजे बरोबर तीनचा. भारित कणांचा वाटा शून्य. शून्य म्हणजे ०.००. न्यूट्रल इलेक्ट्रोमॅग्नेटिक ऊर्जेचा वाटा ०.९८. खऱ्या जेटमध्ये पायॉन वगैरे मिळून निम्म्याहून जास्त ऊर्जा सहसा भारित कणांची असते, ट्रॅकरमध्ये त्यांच्या रेघा दिसतात. अकराशे जीईव्हीचा जेट आणि एकही रेघ नाही, म्हणजे मिरवणुकीत ढोल वाजतायत पण पथकात एकही माणूस नाही. हेलोचा शिक्का: नापास. दुसरा, नापास. तिसरा पास, तोही फाय शून्याजवळ, त्याचं काय ते पुढे. चौथा नापास.

भाचीने मधेच एक चांगला प्रश्न विचारला. टकरीतून आलंच नाही म्हणतोस, मग या इव्हेंटमध्ये टकरीचा व्हर्टेक्स, म्हणजे टकरीचा बिंदू, कसा सापडतो, मी तर व्हर्टेक्स असलेलेच इव्हेंट घेतले होते. उत्तर असं की २०१६ मध्ये पुंजक्यांच्या दर भेटीत सरासरी वीसच्या वर टकरी होत होत्या, म्हणजे त्याच २५ नॅनोसेकंदांत शेजारी साध्यासुध्या टकरी चालू असतातच, व्हर्टेक्स त्यांचा. हेलोचा म्युऑन त्या गर्दीत घुसून फोटोत आला इतकंच. खोडदला जीएमआरटीवर काम केलेला माझा एक वर्गमित्र आहे, त्याला सांगितलं तर म्हणाला आमचं आयुष्य यातच जातं, आकाशातलं म्हणून जे धरतोय ते जमिनीवरचं तर नाही ना.

शेवटी काय उरलं

आकडे असे. फ्लॅग लावल्यावर ९१ मधून २९ गेले, त्यातले २७ त्या दोन पट्ट्यांमधले, उरलेल्या दोनमधला एक हॅड्रॉन कॅलोरिमीटरच्या आवाजाचा. राहिले ६२. मग सीएमएसचे लोक मोनोजेटला जी जादा अट लावतात ती लावली, की पहिल्या जेटमध्ये भारित हॅड्रॉनांचा वाटा १० टक्क्यांहून जास्त आणि न्यूट्रल हॅड्रॉनांचा ८० टक्क्यांहून कमी पाहिजे. आणखी ६ गेले, पाच पट्ट्यांतले, तो तिसरा इव्हेंटही त्यातच. राहिले ५६. अटींमुळे अपेक्षित आकडाही किंचित खाली आला, ५७.

सत्तावन्नला छप्पन्न. संपलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पट्ट्यांमध्ये अजून १२ होते, नऊ-दहा हवे असताना. मी म्हटलं अट अजून थोडी कडक करू, १० टक्क्यांचे २० करू, दोन-तीन अजून गळतील, प्लॉट छान सपाट दिसेल. मॅडमनी साफ नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, १० टक्के हा आकडा दुसऱ्यांनी, हा डेटा डोळ्यापुढे नसताना, ठरवलेला आहे म्हणून तो चालतो, तू आत्ता उत्तर बघून कट सरकवलास तर उद्या खरा सिग्नलही तू असाच सपाट करशील. बारा तर बारा. मला पटायला दोन दिवस लागले, कारण ऑफिसात आम्ही नेमकं तेच करतो, डॅशबोर्ड छान दिसेपर्यंत फिल्टर लावत बसतो.

त्यांनी एक काम मात्र वाढवलं. ५८ नाहीतर ५७ हा अपेक्षित आकडा नुसता सिम्युलेशनवर सोडायचा नाही. झेडचे न्यूट्रिनो दिसत नाहीत पण झेडचे दोन म्युऑन दिसतात, ते मोजायचे, म्युऑन हिशोबातून काढून टाकायचे म्हणजे तो इव्हेंट न्यूट्रिनोवाल्यासारखाच दिसतो, आणि न्यूट्रिनोवाले त्याच्या साधारण सहापट असतात. कल्पना एकदम सुंदर, पण १००० जीईव्हीच्या वर गेलं की असे म्युऑनवाले इव्हेंट मिळतात जेमतेम चार-पाच, चार-पाचवरून ३५ चा अंदाज काढायचा म्हणजे चूक निम्म्याएवढी. म्हणून खरे लोक सोबत फोटॉनवाले इव्हेंटही वापरतात, एक जेट आणि समोर एक फोटॉन, ते भरपूर मिळतात आणि इतक्या ऊर्जेला झेड आणि फोटॉन जवळजवळ सारखेच वागतात. भाचीने म्युऑनवालं केलं, खालच्या बिनांमध्ये ते सिम्युलेशनशी बऱ्यापैकी जुळलं, आणि वरच्या बिनमध्ये १५ टक्के कायम ठेवले. फोटॉनवालं वेळेअभावी राहिलं, रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय.

निकाल म्हणून काय लिहायचं तर मर्यादा. ५७ अपेक्षित, चुकीचा पट्टा साडेअकराच्या आसपास, दिसले ५६, म्हणजे त्या बिनमध्ये नव्या कणांचे ढोबळ २२ पेक्षा जास्त इव्हेंट असू शकत नाहीत, ९५ टक्के खात्रीने. २२ भागिले १६ म्हणजे १.३ ते १.४ फेम्टोबार्न, टकरीत तो कण तयार व्हायची शक्यता या एककात मोजतात. तुलनेला सांगतो, १३ टीईव्हीला २००० जीईव्हीच्या ग्लुइनोची जोडी तयार व्हायची तर साधारण एक फेम्टोबार्न. म्हणजे लॅपटॉपवर, एक टीबीच्या डिस्कवर काढलेली मर्यादा अगदीच टाकाऊ नाही, खऱ्या निकालांच्या जवळपास नाही हे उघड आहे, ते लोक सगळे बिन एकत्र बसवतात आणि आमच्याकडे एकच.

फाइली सगळ्या पुन्हा उतरवल्या, या वेळी फ्लॅगसकट, पंधरा दिवस गेले. स्क्रिप्टच्या वर तिने कॉमेंट टाकलीय: "फ्लॅगला हात लावायचा नाही. मामा, हे तुझ्यासाठी."

रिपोर्टमध्ये तो पहिला, ९१ वाला प्लॉट ठेवायचा की नाही यावर थोडी वादावादी झाली. मी म्हटलं काढ, चूक कशाला छापायची. ती म्हणाली, मग त्यानंतरची वीस पानं कशाबद्दल आहेत? ठेवला, आणि त्याच्या शेजारच्या पानावर फायचा प्लॉट, दोन सुळक्यांचा. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी न्यूट्रालिनोबद्दल काही विचारलंच नाही, थेट ते पान उघडलं आणि म्हणाले, शून्य आणि एकशेऐंशीच का, नव्वद आणि दोनशेसत्तर का नाही? तिने फळ्यावर एक गोल काढला, त्यावर एक चुंबक काढला, आणि बीम कुठल्या बाजूला वळतो ते बाणाने दाखवलं. सर म्हणाले बसा.